४२ चा ट्रॅक्टर २८ वर: एका कम्प्रेशनचं प्रकरण

गेल्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात शेजारच्या गावचे काका ट्रॅक्टर घेऊन आले. माझं गॅरेज दारव्हा-दिग्रस रस्त्यावर आहे. गाडी ३ सिलिंडरची, ४२ एचपीची. वय ९ वर्षं, मीटरवर साडेपाच हजार तास. काकांची स्वतःची जमीन १४ एकर, बाकी सगळं भाड्याचं काम: रोटाव्हेटर, पंजी, हंगामात थ्रेशर. उतरले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "भाऊ, हे गाडी आता ४२ ची राह्यली नाही. ढेकळात घातली का बसून जाते. पंप वाढवून दे जरा."

पंप वाढवणं म्हणजे फ्युएल पंपाचा स्क्रू फिरवून प्रत्येक झटक्याला जास्त डिझेल सोडणं. मी सायलेन्सरकडे पाहिलं. तोंडावर बोटभर काजळी. "काका, आधी कोणी वाढवला होता काय?"

"हो ना. दिवाळीच्या आधी एका जागी वाढवून घेतला. आठ दिवस मस्त चालली."

ते आठ दिवस लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

आणखी दोन तक्रारी होत्या. सकाळी सेल्फ खूप वेळ मारावा लागतो, मग पांढरा धूर काढत फटफटत चालू होते आणि गरम झाली की बरी चालते. दुसरी म्हणजे ऑइल पिते: दोन बदल्यांच्या मधे ३ लिटर वरून टाकावं लागतं. दुपारी जास्त बसते असंही म्हणाले, पण ती सगळी चूक गाडीची नाही. आपल्याकडे मे महिन्यात सकाळी २५ अंश आणि दुपारी ४५ अंश असेल तर दुपारची हवा सुमारे ६ टक्के विरळ असते. तितकी हवा कमी, म्हणजे साध्या विनाटर्बो इंजिनाची ताकदही थोडी कमी. नवी गाडीसुद्धा यातून सुटत नाही.

आधी शेतात

गॅरेजमध्ये हॉर्सपॉवर मोजता येत नाही, त्याला डायनामोमीटर लागतो. ट्रॅक्टरची सरकारी चाचणी मध्य प्रदेशातल्या बुदनीला होते. काकांना घेऊन मी काही तिथवर जाणार नव्हतो. पण हॉर्सपॉवर म्हणजे शेवटी किती वेळात किती काम. मेट्रिक एचपीची व्याख्याच अशी आहे की ७५ किलो वजन एका सेकंदात १ मीटर उचलणं. बैलजोडी दिवसभर साधारण १ एचपीच्या आसपास ओढते. तेव्हा काम तेवढंच ठेवलं आणि वेळ मोजला, तर आधीची आणि नंतरची ताकद एकमेकांशी ताडता येते.

काकांच्या नांगरलेल्या काळ्या रानात आम्ही एकेक एकराच्या दोन पट्ट्या आखल्या आणि चारी बाजूंनी खुंट्या ठोकल्या. एकीत त्याच दिवशी रोटाव्हेटर चालवायचा, दुसरी दुरुस्तीनंतरसाठी राखायची. गिअर तोच, खोली तीच, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण खाली आणि वेळ सकाळी साडेसहाची. डिझेल टाकी गळ्यापर्यंत भरायची आणि काम झाल्यावर मापानं पुन्हा गळ्यापर्यंत भरायची. काका म्हणाले, "एवढा कुटाणा कायले?" पण त्यांच्या पोराला मजा वाटली. तो मोबाइलवर वेळ लावून बांधावर बसला.

पहिली पट्टी: ७८ मिनिटं, १० लिटर ४०० मिली डिझेल. आरपीएमचा काटा २००० वर असायला हवा होता, तो १३५० च्या आसपास घुटमळत होता. मागं काळ्या धुराची शेपटी.

कुठला सिलिंडर खोटा

उघडण्याआधी स्वस्तातलं सगळं तपासून घेतलं. डिझेल फिल्टर बदलला, लाइनमधली हवा काढली, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे तिन्ही नोझल काढून टेस्टरवर पाहिले. एकाचा फवारा जरा जाड पडत होता, तो नीट करून घेतला. फरक जवळपास शून्य.

मग जुनी युक्ती. इंजिन आयडलवर ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट अर्धा आटा सैल करायचा, म्हणजे त्या सिलिंडरला डिझेल जात नाही. चांगला सिलिंडर बंद केला की इंजिन लगेच लंगडतं. १ नंबर सैल केला तर लंगडलं, ३ नंबरलाही लंगडलं. २ नंबर सैल केला आणि आवाजात काही बदलच नाही. तो सिलिंडर डिझेल घेत होता, पण काम करत नव्हता. (हे करताना नटावर जाड कापड धरायचं आणि बोट दूर ठेवायचं. त्या पाइपातला डिझेलचा दाब कातडी फोडून आत शिरतो, आणि मग बोट वाचवायला दवाखान्यात धावावं लागतं.)

आता गेज. काकांच्या पोरानं ऑनलाइन मागवलेलं मोटरसायकलचं कम्प्रेशन गेज आणलं होतं. त्याचा काटा ३०० पीएसआयला (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) संपतो, म्हणून ते परत त्याच्या खिशात ठेवायला लावलं. डिझेलला वेगळं गेज लागतं, नोझलच्या भोकात बसणाऱ्या अ‍ॅडॉप्टरसह. इंजिन गरम, तिन्ही नोझल बाहेर, बॅटरी पूर्ण चार्ज, इंजिन बंद करायचा दांडा ओढलेला. प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा सेकंद सेल्फ.

१ नंबर ३१० पीएसआय. २ नंबर २३५. ३ नंबर ३००. या जातीच्या इंजिनाला निरोगी असताना ४०० च्या आसपास मिळतं.

इथं थोडं थांबतो, कारण कम्प्रेशन हा शब्द सगळे वापरतात आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळतात. एक म्हणजे कम्प्रेशन रेशो. पिस्टन खाली असताना सिलिंडरमध्ये किती जागा आणि वर असताना किती, यांचं ते गुणोत्तर. या गाडीचा बोर (सिलिंडरचा व्यास) ९५ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) १२० मिमी, म्हणजे एका सिलिंडरमध्ये पिस्टन सुमारे ८५० घन सेंटिमीटर हवा सरकवतो. रेशो १७ धरला तर पिस्टन वर असताना उरलेली जागा फक्त ५३ घन सेंटिमीटर. लहान कपभर चहाची नाही. हा रेशो कारखान्यात ठरतो आणि इंजिन झिजलं तरी फारसा बदलत नाही. दुसरी गोष्ट कम्प्रेशन प्रेशर: तेवढ्या जागेत दाबलेली हवा प्रत्यक्षात किती टिकते. झिजतं ते हे.

आमच्या विहिरीवर पूर्वी ५ एचपीचं डिझेल इंजिन होतं. हँडल मारताना वरचा खटका उघडा ठेवायचा. त्यानं व्हॉल्व्ह उघडा राहायचा, हवा निसटून जायची, आणि दहा वर्षांचा मीसुद्धा चाक फिरवायचो. वेग आला की खटका पाडायचा. पुढच्याच फेरीला हँडलमध्ये भिंतीवर आदळल्यासारखा धक्का यायचा आणि इंजिन धाडधाड सुरू. खटका उघडा असेपर्यंत कितीही डिझेल गेलं तरी ते पेटत नसे. कम्प्रेशन काय असतं ते मला आयटीआयच्या वर्गात नाही, त्या हँडलवर मनगटात कळलं.

डिझेलमध्ये स्पार्क प्लग नाही. सायकलचा पंप मारताना खालचं टोक तापतं, तशीच सिलिंडरमधली हवा दाबली की तापते. ३० अंशाच्या आसपासची हवा १७ पट दाबली तर हिशेबानं साडेसहाशे अंशांच्या पुढे जाते. प्रत्यक्षात सिलिंडरच्या भिंती थोडी उष्णता खातात, तरी डिझेल पेटायला ती भरपूर असते. हवा गळाली की नुकसान तीन जागी होतं. ऑक्सिजन कमी उरतो, म्हणून तेवढंच डिझेल पूर्ण जळत नाही आणि काळा धूर निघतो. हवा कमी तापते, म्हणून डिझेल उशिरा पेटतं आणि पिस्टन खाली निघाल्यावर त्याला ढकलतं. आणि पेटल्यावरचा दाबही त्याच फटीतून निसटतो. हे तिन्ही तोटे एकमेकांवर चढतात.

सकाळी त्रास आणि नंतर बरी, याचं कारणही यातच आहे. सेल्फवर इंजिन मिनिटाला २०० फेऱ्या फिरतं, तेव्हा हवा दाबायला पिस्टनला ०.१५ सेकंद लागतो. २००० आरपीएमला तेच काम ०.०१५ सेकंदात होतं. हवेला गळायला दहापट कमी वेळ मिळतो. म्हणून कम्प्रेशनचा आजार आधी स्टार्टिंगला दिसतो आणि ताकदीत खूप नंतर. ताकदीत दिसायला लागला म्हणजे प्रकरण बरंच पुढे गेलेलं असतं. आणि लोडमध्ये इंजिन १३५० वर उतरलं की गळायला पुन्हा जास्त वेळ मिळतो, त्यामुळे ते आणखी दबतं. काका ज्याला "बसून जाते" म्हणत होते ते हेच.

चमचाभर ऑइलचा चकवा

तिन्ही आकडे कमी, त्यातही २ नंबर फारच. गळती कुठून? नेहमीची पद्धत म्हणजे नोझलच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. पिस्टनभोवतीच्या रिंगांची फट ऑइलनं तात्पुरती बुजते. आकडा चढला तर रिंगा गेल्या, नाही चढला तर व्हॉल्व्ह (हवा आत घेणारी किंवा धूर बाहेर सोडणारी झडप) किंवा हेड पॅकिंग (सिलिंडर आणि त्यावरच्या हेडमधलं).

ऑइल टाकून: १ नंबर ३१० चा ३७५. २ नंबर २३५ चा २६५. ३ नंबर ३०० चा ३६५.

माझ्याकडचा पोरगा लगेच म्हणाला, "दादा, तिन्ही चढले. रिंगा गेल्या, किट टाकू." बरेच जण इथं हेच म्हणतील. मी त्याला कागद दिला. पिस्टनच्या वर जागा ५३ घन सेंटिमीटर, त्यात आपण ५ घन सेंटिमीटर ऑइल टाकलं. उरली ४८. रेशो १७ चा पावणेएकोणीस झाला. म्हणजे एकही फट बुजली नाही तरी गेज नुसत्या ऑइलच्या जागेमुळे १२-१३ टक्के वर जाणारच. पेट्रोलच्या गाडीत पिस्टनवर जागा जास्त असते, तिथं हा चकवा एवढा जाणवत नाही.

आता पुन्हा पाहा. १ आणि ३ नंबर २१-२२ टक्के चढले, म्हणजे रिंगांची फट खरंच बुजली. २ नंबर चढला १३ टक्के. ती वाढ फसवी. तिथल्या मोठ्या गळतीला ऑइलनं हातही लावलेला नव्हता.

खात्री करायला पंक्चरवाल्याचा कम्प्रेसर आणला. २ नंबरचा पिस्टन कम्प्रेशनच्या टोकावर आणला, गाडी गिअरमध्ये टाकून ब्रेक लावला, कारण हवेच्या दाबानं क्रँक फिरतो आणि हात मधे असेल तर जातो. नोझलच्या भोकातून हवा सोडली. ब्रीदरला, म्हणजे इंजिनाच्या पोटातली हवा सोडणाऱ्या नळीला, कान लावला, थोडी फुसफुस होतीच, म्हणजे रिंगाही गळत होत्या. रेडिएटरचं झाकण उघडून पाहिलं, बुडबुडा नाही, म्हणजे पॅकिंग शाबूत. मग काकांच्या पोराला सायलेन्सरच्या तोंडाशी कान लावायला सांगितलं. त्यानं डोळे मोठे केले. "दादा, इथं तर साप बसला हाये!"

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह.

उघडल्यावर

हेड काढलं. २ नंबरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड नखाएवढी जळून गेलेली, भाजलेल्या पापडाची कड तुटते तशी. टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या दांडीमधली फट, आधीच मोजला होता: शून्य. फिलर गेजचं सर्वात पातळ पान आत जात नव्हतं. व्हॉल्व्ह त्याच्या बैठकीत झिजत झिजत वर सरकतो आणि गॅप आपोआप बुजत जातो. टॅपेट वाजायला लागला तर मालक धावत येतो, पण गॅप बुजतो तेव्हा इंजिन उलट शांत होतं, म्हणून कोणी पाहत नाही. गॅप संपला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता बैठकीला टेकूनच बाहेर टाकतो, टेकलाच नाही तर जळतो. त्यात दिवाळीपासून पंप वाढवलेला. जास्तीच्या डिझेलनं धुराचं तापमान आणखी चढवलं.

ते आठ मस्त दिवस आता समजतील. दिवाळीला सिलिंडरमध्ये थोडी हवा शिल्लक होती, जास्तीचं डिझेल तिच्यात जळलं आणि ताकद वाढल्यासारखी वाटली. मग त्याच डिझेलनं व्हॉल्व्ह भाजला आणि लाइनरवरचा (सिलिंडरच्या आतल्या नळीवरचा) ऑइलचा थर धुऊन काढला.

लाइनर. वरच्या रिंगेची जिथं उलटी फेरी होते तिथं बोट फिरवलं तर नख अडकत होतं. डायल गेजनं तिथली झीज पाव मिमीच्या जवळ आली. जुनी वरची रिंग लाइनरच्या खालच्या, न झिजलेल्या भागात सरळ बसवून तिच्या दोन टोकांतली फट मोजली. नव्या रिंगेला या बोरमध्ये ०.३ ते ०.४ मिमी असते. इथं दीड मिमीहून जास्त. पिस्टनचे साइड काळे, रिंगा धारदार झालेल्या. हा ऑइलचा दोष नव्हे, ही मातीची झीज.

काका दुखावले. "भाऊ, मी एअर क्लीनरची वाटी दर आठवड्याले धुतो. ऑइल नवं टाकतो. तुले खोटं वाटते काय?"

खोटं नव्हतं. वाटी स्वच्छ होती, ऑइल खुणेपर्यंत. पण एअर क्लीनरपासून मॅनिफोल्डला जाणारा रबरी होज काढला तेव्हा क्लिपच्या खाली, बाहेरून अजिबात न दिसणारी, अंगठ्याएवढी चीर. होजच्या आत बोट फिरवलं तर तपकिरी पीठ आलं. चिमूट दोन दातांत धरली. कर्रकन वाजली. वाटीतलं ऑइल हवा गाळत होतं आणि त्याच्या पुढच्या चिरेतून इंजिन शेताची धूळ न गाळता पीत होतं. उन्हाळ्यात रोटाव्हेटरमागं उठणारा धुरळा ज्यानं पाहिलाय त्याला याचा हिशेब सांगायला नको.

एक सल्ला, न घेतलेला

लेथवाल्याकडे हेड घेऊन गेलो तेव्हा तिथल्या एकानं सुचवलं की हेड अर्धा मिमी घासून पातळ पॅकिंग टाका, कम्प्रेशन वाढेल, ४२ चे ४६ होतील. काकांचं पोरगंही उजळलं. त्याच्या मोटरसायकलचं हेड त्याला असंच घासायचं आहे.

कागदावरचा हिशेब असा. आदर्श इंजिनाची कार्यक्षमता रेशोवर ठरते, पण रेशो वाढत गेला की फायदा आटत जातो. पेट्रोलमध्ये ८ चा १० केला तर साडेछप्पन टक्क्यांची साठ टक्के होते. तेवढ्यासाठी रेसिंगवाले जीव टाकतात, आणि नॉकिंग (पेट्रोल अवेळी आपोआप पेटणं) होऊन पिस्टन फुटायची तयारीही ठेवतात. डिझेलमध्ये १७ चा १८ केला तर ६७.८ ची ६८.५. एक टक्का वाढ, तीही कागदावर. त्याच्या बदल्यात पिस्टन आणि हेडमधलं मिलिमीटरभर अंतर अर्ध्यावर येणार आणि पिस्टन व्हॉल्व्हला ठोकणार. १७ पूर्ण टिकवलं तर ते १८ पेक्षा मोठं काम आहे. हेड फक्त सपाट करण्यापुरतं घासलं, पॅकिंग कंपनीच्या जाडीचंच टाकलं.

काम सहा दिवस चाललं. तिन्ही लाइनर-पिस्टन-रिंगा, २ नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह आणि गाइड, सगळ्या बैठका ग्राइंड, बेअरिंगचे शेल, पॅकिंग सेट आणि नवा होज. पंप यवतमाळला बेंचवर लावून कंपनीच्या मापावर परत उतरवला. त्यावर काका पुन्हा कुरकुरले, "आता अजून कमी ताकद देशीन का?" एकूण खर्च ४० हजारांच्या घरात. होज त्यातली सर्वात स्वस्त वस्तू.

रिंगा बसाव्यात म्हणून पहिले ५० तास जड काम नाही. मे महिना शेणखताचा, त्यामुळे ट्रॉलीचं हलकं काम आयतंच मिळालं. मग पाऊस यायच्या आधी राखून ठेवलेली दुसरी पट्टी. तोच गिअर, तीच खोली, सकाळी साडेसहा.

५२ मिनिटं. ७ लिटर ४०० मिली. काटा २००० च्या जवळ, धूर म्हणाल तर पाहावा लागत होता.

काम तेवढंच, वेळ ७८ ऐवजी ५२, म्हणजे आधीची ताकद नंतरच्या दोन-तृतीयांश. नंतरची ४२ धरली तर आधीची २८. खरं तर साडेपाच हजार तासांच्या गाडीला पूर्ण ४२ धरणं जरा उदार आहे, तेव्हा दोन्ही आकडे थोडे खालीच असतील. पण प्रमाण तेच राहतं. एकरामागं ३ लिटर डिझेल वाचलं, ९० रुपयांनी धरलं तर २७० रुपये. दीडशे एकरांत खर्च निघाला. काका एका हंगामात त्याहून जास्त भाड्याचं काम करतात. शिवाय दिवसभरात जास्त एकर होतात, ते मी धरलंच नाही.

गेज पुन्हा लावलं: ४००, ३९५, ४०५.

नव्या बैठका बसतात तेव्हा टॅपेटचा गॅप थोडा बुजतोच, म्हणून २५० तासांनी परत बोलावलं होतं. सोयाबीन निघाल्यावर पोरगा गाडी घेऊन आला. २ नंबरचा एक्झॉस्ट ०.३० मिमीवर ठेवला होता, ०.२५ भरला. पुन्हा ०.३० केला. मी हात पुसत होतो तोवर त्यानं स्वतःच होजची क्लिप सोडली, आत बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. बोट कोरडं आणि स्वच्छ होतं. मग त्यानं क्लिप परत आवळली, जरा जास्तच, ती मी अर्धा आटा सैल केली.